कानामागे टाकू नका!

गेल्या वर्षीची गोष्ट. श्रावणातली दुपार. जेवणं आटोपून, ओटा आवरून जरा पाठ टेकावी म्हणत होते, तोच दारात आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी उभ्या. कडेवर दीड वर्षांची नात, मागे रडून रडून डोळे सुजलेली सून.

‘‘बाई, तुमचं ऐकते ही. तुम्हीच सांगा हिला. डॉक्टर म्हणतोय, पोरीच्या डोक्यात मशीन बसवायचं. एवढ्याशा जिवाची कवटी फोडायची? तोंड वाकडं झालं तर? उद्या पोरीला पदरात कोण घेईल?’’

सून गप्पच. आजी पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा हळूच म्हणाली, ‘‘ताई, हो म्हटलं आणि पोरीला काही झालं तर जन्मभर मलाच बोल लागेल. नाही म्हटलं तर ती जन्मभर काही ऐकणार नाही. मी काय करू?’’

नात मात्र मजेत होती. माझ्या हातातल्या बांगड्यांशी खेळत होती. तिच्या पाठीमागे जाऊन मी ताटलीवर चमचा वाजवला. तिने मानही वळवली नाही.

मैत्रिणींनो, खरं सांगू? माझ्या पोटात खड्डा पडला, पण तो फक्त त्या मुलीकडे बघून नाही. मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

चूक माझीच होती

सोळा-सतरा वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला अशीच एक आई मला भेटली होती. तिचा अडीच वर्षांचा मुलगा बोलत नव्हता. मी तेव्हा नवी नवी ‘समाजसेविका’ झालेले! मोठ्या शहाणपणाने सांगून टाकलं, ‘‘अगं, मुलगे उशिराच बोलतात. आमचा भाचा चार वर्षांचा होईतो तोंड उघडत नव्हता. आता गप्प बसवावं लागतं!’’

तिला ते पटलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. मग नवस झाले, अंगारे झाले, जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून चाटवून झालं. मुलगा मोठ्या शहरातल्या कानाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला तेव्हा आठ वर्षांचा होता. तो जन्मापासूनच ऐकत नव्हता. ‘आता ऑपरेशन केलं तरी नीट बोलणं येईल अशी फारशी आशा नाही,’ असं डॉक्टरांनी सांगितलं.

तो मुलगा कर्णबधिरांच्या शाळेत शिकला. आज फर्निचरच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही. खुणांच्या भाषेत तो मित्रांशी तासन्तास गप्पा मारतो. त्याचं आयुष्य वाया गेलं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण काय करायचं ते ठरवण्याची संधी त्याच्या आईला मिळायला हवी होती. ती गेली, आणि त्यात माझ्या एका वाक्याचा वाटा होता.

म्हणून या वेळी मी सल्ला दिलाच नाही. म्हटलं, ‘‘आजी, आपण सगळ्याजणी मिळून डॉक्टरांकडे जाऊ. तुमच्या मनातलं सगळं तुम्हीच विचारा.’’ आणि मीही वाचायला बसले. मी कला शाखेची. दहावीनंतर सायन्सशी माझा संबंध कुकरच्या शिट्टीपुरताच! पण मनात आणलं तर कळतं सगळं.

शंख आणि गवताचं पातं

आपल्या कानाच्या अगदी आत, हाडात दडलेला वाटाण्याएवढा एक शंख असतो. अडीच वेढ्यांचा, गोगलगायीच्या पाठीवर असतो तसा. त्यालाच कॉक्लिआ म्हणतात. त्यात केसांसारख्या अतिशय बारीक पेशी असतात. आवाजाच्या लहरींचं विजेच्या संदेशात रूपांतर करून त्या तो संदेश नसेला देतात आणि नस तो मेंदूकडे पोहोचवते. जन्मतः बहिऱ्या असलेल्या पुष्कळ मुलांमध्ये याच पेशी बिघडलेल्या असतात. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण घेणाऱ्या पेशीच नसतील, तर मोठा केलेला आवाज घेणार कोण?

कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे सूक्ष्म संदेश देतं. त्याचे दोन भाग असतात. एक बाहेर, कानावर अडकवायचा. त्यात माइक, आवाजाचं विश्लेषण करणारा प्रोसेसर आणि बॅटरी असते. दुसरा भाग कानामागे कातडीखाली असतो. त्याची बारीक तार शंखात सरकवलेली असते. दोन्ही भाग लोहचुंबकाने एकमेकांना धरून राहतात. आतल्या भागात बॅटरी नसते, त्याला वीज बाहेरच्या भागाकडून कातडीतूनच मिळते.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. १९५७ मध्ये पॅरिसला जोर्नो आणि एरिए या दोघांनी ऐकण्याच्या नसेला वीज देऊन पाहिली. १९६१ मध्ये अमेरिकेत डॉ. विल्यम हाउस यांनी पुढचं पाऊल टाकलं. पण त्या काळच्या एका तारेने नुसता आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रॅमी क्लार्क यांचे वडील औषधांचं दुकान चालवायचे आणि त्यांना नीट ऐकू यायचं नाही. गिऱ्हाइकाने काय मागितलं ते कळेना की होणारी वडिलांची घालमेल या मुलाने लहानपणापासून पाहिलेली. पुढे ते कानाचे सर्जन झाले. अनेक टोकं असलेली तार त्या वळणदार शंखात खोलवर घालायची कशी, हा प्रश्न मात्र सुटेना. १९७७ मध्ये सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी एका शंखात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेलं पातं वेढ्यावेढ्याने अलगद आत गेलं. तारही तशीच हवी! १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये, अपघातात ऐकणं गमावलेल्या एका गृहस्थांवर त्यांनी हे ऑपरेशन केलं.

आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या सर्जननी ही शस्त्रक्रिया रुजवली. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

आजींचे प्रश्न

ठरल्याप्रमाणे आम्ही एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. डॉक्टर भले होते. त्यांनी आजींना खुर्ची दिली आणि पाठकोऱ्या कागदावर कानाचं चित्र काढलं.

‘‘कवटी फोडणार का?’’ आजींचा पहिला प्रश्न.

‘‘नाही आजी. मेंदूला हात लावायचा नाही. कानामागे छोटा छेद घ्यायचा. तिथलं हाड आतून पोळ्यासारखं पोकळ असतं. त्यातून बारीक वाट करून शंखापर्यंत जायचं आणि तार आत सरकवायची. भूल देऊन साधारण दोन-तीन तासांचं काम.’’

‘‘आणि तोंड वाकडं?’’

हा प्रश्न मुळीच भाबडा नाही बरं का! चेहरा हलवणारी नस त्या वाटेला अगदी लागून जाते. तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं. म्हणून ऑपरेशन चालू असताना त्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र लावतात. सर्जन नसेजवळ आला की ते इशारा देतं. कायमची इजा होण्याचं प्रमाण आज शंभरात एकापेक्षाही कमी आहे. कमी आहे, शून्य नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मला ते आवडलं.

बाकीचे धोकेही त्यांनी लपवले नाहीत. काही दिवस चक्कर येणं, जिभेच्या एका बाजूची चव बदलणं, जखमेत पू होणं, क्वचित मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं. त्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर तेही जाऊ शकतं. आणि यंत्र हे शेवटी यंत्रच. ते आत बिघडलं तर पुन्हा ऑपरेशन करून बदलावं लागतं. कंपन्यांनी सदोष निघालेली मॉडेल्स बाजारातून परत घेतल्याची उदाहरणं आहेत. म्हणून यंत्राचं मॉडेल, क्रमांक आणि हमीचे कागद लग्नातल्या दागिन्यांसारखे जपून ठेवायचे.

भीती खरी ठरली तेव्हा

या विषयावर वाचताना एका गोष्टीने मी हादरले आणि त्याच गोष्टीने मला धीरही दिला.

२००२ च्या सुमारास इम्प्लांट बसवलेल्या काही मुलांना मेनिंजायटीस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग झाल्याचं अमेरिका-युरोपातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. काही जण दगावले. अमेरिकेत लगेच शोध सुरू झाला. १९९७ ते २००२ या काळात सहा वर्षांखालच्या ज्या ४२६४ मुलांना इम्प्लांट बसवलं होतं, त्यांची माहिती गोळा केली. त्यातल्या २६ मुलांना हा आजार झाला होता. हजारात साधारण सहा. आकडा लहान वाटतो, पण न्यूमोकॉकस नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या मेनिंजायटीसचं प्रमाण त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा तीस पटींहून जास्त निघालं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कारणांचा माग काढताना एक गोष्ट ठळक दिसली. एका प्रकारच्या इम्प्लांटमध्ये तार नसेच्या जवळ राहावी म्हणून तिच्याशेजारी एक छोटी पाचर सरकवत असत. ती पाचर असलेल्या मुलांना धोका बराच जास्त होता. तो प्रकार जुलै २००२ मध्येच बाजारातून काढून घेतला गेला. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. इम्प्लांट बसवायच्या प्रत्येक मुलाला न्यूमोकॉकसची लस द्यायची, आणि ती शक्यतो ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी पूर्ण करायची, असा दंडक घालून दिला. आपल्या सरकारी लसीकरणातही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने न्यूमोकॉकसची लस आली आहे. पण बाळाला आधी मिळालेल्या डोसांवर विसंबू नका. इम्प्लांटच्या मुलाला वयानुसार आणखी डोस लागू शकतात. लसीकरणाचं कार्ड घेऊनच डॉक्टरांकडे जा.

मला धीर कशाने आला? धोका दिसला तेव्हा कोणी तो झाकला नाही. मुलं मोजली, कारण शोधलं, उपाय केला. आजींची भीती आणि या संशोधकांची शंका एकाच जातीची होती. फरक इतकाच, की त्यांनी शंका विचारून तिचा पाठपुरावा केला. आपण भीती पोटात ठेवतो आणि काळ जाऊ देतो.

उशीर हाही धोकाच

आणि काळ जाऊ देणं हे इथे सगळ्यात महागात पडतं. मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाची वाट बघत असतो. आवाज आलाच नाही, तर ती जागा दुसरी कामं बळकावतात. आपण नाही का, रिकामी खोली दिसली की तिथे सामान भरत जातो, तसंच! अमेरिकेतल्या डॉ. अनू शर्मा यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला जवळजवळ ऐकणाऱ्या मुलांसारखाच प्रतिसाद देऊ लागतो. सात वर्षांनंतर बहुतेकांच्या बाबतीत तसं होत नाही. हे वाचलं तेव्हा तो आठ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आला आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणूनच अमेरिकेत मुलांसाठी परवानगीचं वय हळूहळू खाली आलं. १९९० मध्ये दोन वर्षं, २००० मध्ये एक वर्ष, २०२० मध्ये नऊ महिने. ज्या मुलाला मेनिंजायटीसमुळे बहिरेपण आलं आहे, त्याच्या बाबतीत तर आणखी घाई हवी, कारण त्या आजारानंतर शंखात हाड भरत जातं आणि तार आत जाईनाशी होते.

पण मी वाजवलेली ताटली ही काही तपासणी नव्हे! मूल कंपनाने किंवा सावलीनेही वळून बघतं आणि आपण फसतो. न ऐकणारं बाळही पहिले काही महिने ‘आगू आगू’ करतंच. खरी तपासणी म्हणजे ओएई आणि बेरा. दोन्ही दुखत नाहीत. बाळ झोपलेलं असताना करतात. महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, हे गणित लक्षात ठेवा.

ऑपरेशन संपतं, काम सुरू होतं

तर, आमच्या छोटीचं काय झालं? आधी काही महिने श्रवणयंत्र लावून पाहिलं. उपयोग झाला नाही. सीटी स्कॅन, एमआरआय झाले. शंख आणि ऐकण्याची नस ठीक आहे ना, हे त्यात बघतात. नसच नसेल तर या इम्प्लांटचा उपयोग होत नाही. लस झाली. मग ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी पळापळ करत होती. तोंड सरळच!

तीन आठवड्यांनी मशीन पहिल्यांदा सुरू केलं. वडिलांनी मोबाइल रोखून धरला होता. व्हिडिओत दाखवतात तशी ती हसेल, या आशेने. तिने चक्क भोकाड पसरलं आणि आईच्या पदरात तोंड लपवलं. बाप हिरमुसला. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, ‘‘घाबरली आहे. आवाज म्हणजे काय हे तिला आज पहिल्यांदा कळतंय. आजपासून तिचं ऐकण्याचं वय शून्य दिवस.’’

मग आठवड्यातून दोनदा एसटीने स्पीच थेरपी. मधूनमधून यंत्राचा आवाज जुळवून घेणं, त्याला मॅपिंग म्हणतात. ती कॉइल ओढून फेकायची, म्हणून आईने टोपीला खिसा शिवला. पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बिघडू नये म्हणून रात्री ते सुकवायच्या डब्यात ठेवायचं. चार महिने झाले तरी काही फरक दिसेना. सून पुन्हा रडकुंडीला आली.

आणि एके सकाळी कुकरची शिट्टी झाली. छोटीने खेळणं टाकलं, मान वर केली आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आजी पळत माझ्याकडे आल्या. अनवाणी!

२०१० मध्ये अमेरिकेतल्या सहा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आत इम्प्लांट झालेली १८८ मुलं त्यात होती. लवकर ऑपरेशन झालेल्यांची भाषा जास्त वाढली, हे तर दिसलंच. पण ज्या घरात आईवडील मुलाशी चांगला संवाद साधत होते, तिथली मुलंही पुढे गेली. म्हणजे बघा, लाखो रुपयांच्या यंत्राइतकंच मोल आपल्या बडबडीला आहे! आमच्या आजी आता दिवसभर नातीशी बोलतात. भाजी निवडताना, दळण टिपताना, ‘‘ही बघ मेथी, ही बघ शेपू.’’ छोटी अजून वयाच्या मुलांच्या मागे आहे. किती पुढे जाईल हे आज कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. पण ‘आजी’ला ‘आदी’ म्हणते!

पैशांचं कसं?

ही शस्त्रक्रिया महाग आहे. पण केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. त्या वेळी वर्षाला ५०० मुलांसाठी, प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा होती, म्हणजे इथेही उशीर नको. मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम पाहते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते. अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. सध्याच्या अटी तिथे समजतील.

होकार देण्याआधी हे विचारा

१. आमच्या मुलासाठी हे योग्य आहे का? नस ठीक आहे का?
२. तुम्ही आतापर्यंत अशी किती ऑपरेशनं केली आहेत?
३. कोणत्या लसी, कधी घ्यायच्या?
४. यंत्राची हमी किती वर्षांची? नंतरच्या वायर, बॅटरी, दुरुस्तीचा खर्च किती?
५. थेरपी कुठे आणि किती वर्षं?

आणि ऑपरेशननंतर कायम लक्षात ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर इम्प्लांट आहे हे आधी सांगा. आत लोहचुंबक असल्याने एमआरआय आपल्या इम्प्लांटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं तर त्या सर्जनला विजेच्या कॉटरीबद्दल विचारायला सांगा. मुलाचा कान फुटला, किंवा ताप, उलट्या, मान ताठ होणं, गुंगी असं काही दिसलं, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परवा त्या जुन्या मैत्रिणीकडे गेले होते. तिला सगळं सांगितलं आणि माझ्या त्या वाक्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही वाईट थोडंच चिंतलं होतं!’’ तिचा उंचापुरा मुलगा चहा घेऊन आला. मी त्याला खुणेने ‘छान’ म्हणायला गेले, ते चुकलं. त्याने हसून माझी बोटं धरून नीट करून दाखवली.

मैत्रिणींनो, कुठल्या आईने शस्त्रक्रिया निवडावी, कुणी खुणांची भाषा, कुणी दोन्ही. तो त्या घराचा निर्णय आहे आणि सगळ्या वाटा मानाच्या आहेत. पण निर्णय घेण्याइतका वेळ हाताशी असताना मूल तपासलं जायला हवं. शेजारपाजारी, नात्यागोत्यात एखादं बाळ हाकेला वळत नसेल, तर ‘बोलेल हो हळूहळू’ असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणू नका. तिच्यासोबत जिल्ह्याच्या गावची एसटी पकडा.